वकिलीतून नगरपालिकेच्या कारभारात उतरताना

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात आठ-दहा वर्षे वकिली झाली, जमिनीचे, भाडेकरूंचे, हद्दीचे दावे हातून गेले, बाररूममध्ये आणि बाजारपेठेत नाव झाले, की "वकीलसाहेब, यंदा नगरपालिकेला उभे राहा" हा आग्रह सुरू होतो. तो आग्रह मनावर घ्यावा असे ज्या वकील मित्रमैत्रिणींना वाटू लागले आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. प्रचार कसा करावा हे सांगणारे लोक गावोगाव भेटतात, म्हणून त्याबद्दल मी थोडेच लिहिणार आहे. निवडणुकीपूर्वी वकिलाने स्वतःच्या व्यवसायाची कोणती आवराआवर करावी आणि निवडून आल्यावर आपले शिक्षण कोणत्या कामाला लावावे, यावर मात्र सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते. वकील सर्वसाधारण सभेत उपयोगी पडतो तो मुख्यतः त्याला कागद वाचता येतो आणि लिहिता येतो म्हणून, असे माझे मत आहे आणि पुढचे सगळे त्या मताच्या आधारानेच लिहिले आहे.

या वाटेवर चालायचे तर आधी फिरोजशहा मेहतांचे उदाहरण नीट पाहावे. मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयासमोर ज्यांचा पुतळा उभा आहे, ते फिरोजशहा १८६८ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन मुंबईत परतले. त्या वेळी शहराचा कारभार १८६५ च्या कायद्याने जस्टिस ऑफ द पीस म्हणवणाऱ्या नेमलेल्या मंडळींकडे आणि जवळजवळ सर्वाधिकारी अशा म्युनिसिपल कमिशनरकडे होता. आर्थर क्रॉफर्ड या पहिल्या कमिशनरने शहरासाठी कामे पुष्कळ केली, पण खर्च आवाक्याबाहेर गेला आणि १८७१ मध्ये करदात्यांचा संताप उसळला. कमिशनरचे पदच मोडीत काढावे आणि कारभार एखाद्या समितीकडे द्यावा, असा त्या वेळचा लोकप्रिय सूर होता. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधल्या सभेत तरुण फिरोजशहांनी या सुराविरुद्ध आपला निबंध वाचला. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असणे योग्यच आहे, उणीव आहे ती करदात्यांनी निवडून दिलेल्या आणि त्या अधिकाऱ्याला जाब विचारू शकणाऱ्या सभेची, अशी त्यांची मांडणी होती. श्रोत्यांना ती रुचली नाही. तरीही १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची जी महापालिका अस्तित्वात आली, तिच्यातील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे होते.

फिरोजशहा पुढे १८८४-८५ मध्ये आणि पुन्हा १९०५ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले. पण वकिलाने लक्षात ठेवावे असे त्यांचे काम म्हणजे १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम. सरकारी मसुद्यात महापालिकेचे हात बांधण्याचा बेत होता आणि कायदेमंडळात बसलेल्या फिरोजशहांनी व काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी तो कलमाकलमाने परतवला. त्या अधिनियमाचे कलम ६४ आजही वाचण्यासारखे आहे. शहराचे म्युनिसिपल शासन महापालिकेच्या ठायी राहील, असे ते आधी सांगते आणि कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे राहतील, हे त्यानंतर सांगते. या क्रमातच सारा संघर्ष सामावलेला आहे. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांत महापौराला मान असतो आणि अंमलबजावणीची सत्ता आयुक्तांकडे असते, याचे मूळ याच रचनेत आहे. निवडून आल्यावर "आयुक्त ऐकत नाहीत" म्हणून हताश होणाऱ्या नगरसेवकाने हे कलम आधी वाचले असते, तर आपले बळ ठराव, अंदाजपत्रक आणि समिती या तीन ठिकाणी आहे हे त्याला पहिल्या दिवशीच उमगले असते.

वकिलीतून शहराच्या कारभारात आलेले फिरोजशहा एकटे नव्हेत. वल्लभभाई पटेल अहमदाबादमध्ये फौजदारी वकिली जोरात चालू असताना १९१७ मध्ये नगरपालिकेत निवडून गेले, सॅनिटरी कमिटीचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि १९२४ ते १९२८ या काळात ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते. आपल्याकडे न. चिं. केळकर साताऱ्यातील वकिली सोडून १८९६ मध्ये पुण्यात आले आणि पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. वल्लभभाईंनी स्वच्छतेची समिती घेतली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वकील म्हणून आपल्याला विधी समितीत बसवण्याचा आग्रह होईल. पण गटार, पाणी आणि कचरा यांच्या फायली ज्याने वर्षभर वाचल्या, त्याला शहर कळते.

कोणत्या संस्थेकडे जावे

प्रत्येक संस्थेचा कायदा वेगळा आहे आणि वकिलाने तो मूळातून वाचावा. ग्रामपंचायतीला १९५८ चा अधिनियम लागू आहे, जिल्हा परिषद व पंचायत समितीला १९६१ चा, नगरपरिषदा व नगरपंचायतींना १९६५ चा, मुंबईला १८८८ चा आणि इतर महानगरपालिकांना १९४९ चा. या सर्वांवर छत्र आहे ते ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीचे. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले आहेत, पण राज्याच्या कायद्याने आपल्या संस्थेकडे प्रत्यक्षात किती अधिकार आले आहेत, हे त्या त्या अधिनियमातच शोधावे लागते.

वकिली चालू ठेवून करायचे काम म्हटले, तर मध्यम आकाराची नगरपरिषद सर्वांत सोयीची, असे मला वाटते. न्यायालय आणि नगरपरिषद बहुधा एकाच गावात असतात, मुख्याधिकाऱ्यांशी थेट बोलता येते आणि एका व्यक्तीला सगळा कारभार डोळ्यांखालून घालता येईल इतकाच त्याचा व्याप असतो. नगराध्यक्षपदाची निवडणूक २०२२ च्या दुरुस्तीपासून पुन्हा थेट जनतेतून होते. ज्या वकिलाने आधी एकदा सदस्य म्हणून काम केलेले नाही, त्याने लोकप्रियतेच्या जोरावर एकदम त्या पदाला हात घालू नये, असा माझा आग्रह राहील. अध्यक्षपदावर बसून सभा चालवताना कलम शोधायला वेळ मिळत नाही.

एक वास्तव आधीच स्वीकारावे. महाराष्ट्रात महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, शिवाय अनुसूचित जाती, जमाती व मागास प्रवर्गाचे आरक्षण आहे, आणि प्रभागांची सोडत निघाल्यावरच आपली जागा कोणत्या प्रवर्गात गेली ते कळते. विकास किशनराव गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये मागासवर्गीय आरक्षणासाठी तिहेरी कसोटी, म्हणजे स्वतंत्र आयोग, मागासलेपणाची आकडेवारी आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा, घालून दिली. तो वाद लांबत गेल्याने राज्यातील अनेक संस्थांवर वर्षानुवर्षे प्रशासकच होते. म्हणजे एकाच प्रभागावर डोळा ठेवून पाच वर्षे मशागत करणे व्यर्थ जाऊ शकते. महिला वकिलांसाठी मात्र हीच व्यवस्था मोठे दार आहे. तालुक्याच्या बारमध्ये बसणाऱ्या हुशार मुलींना हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगतो.

थेट निवडणूक नको असेल, तर स्वीकृत, म्हणजे मतदारांऐवजी सभागृहाकडून घेतल्या जाणाऱ्या, सदस्यत्वाचा मार्ग आहे. नगरपालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींसाठी तो ठेवलेला आहे. स्वीकृत सदस्याला सभेत बोलता येते, पण मतदानाचा हक्क नसतो. प्रत्यक्षात या जागा पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या जातात. तरीही ज्याला मते मागत फिरणे जमणार नाही, पण कायद्याचे ज्ञान शहराच्या कामी यावे असे वाटते, त्याने पक्षाकडे या जागेसाठी मोकळेपणाने मागणी करावी.

अर्जापूर्वी वकिलीची आवराआवर

हा भाग सर्वांत काळजीने वाचावा, कारण इतर उमेदवारांपुढे नसलेला धोका येथे वकिलापुढे आहे.

वकिली आणि निवडून आलेले पद एकत्र चालते का, हा पहिला प्रश्न विचारला जातो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पूर्णवेळ पगारी नोकरीला मज्जाव आहे. लोकप्रतिनिधीत्व म्हणजे अशी नोकरी नव्हे, आणि खासदार-आमदारांना वकिली करण्यापासून रोखता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अश्विनी उपाध्याय यांच्या याचिकेवर सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. नगरसेवकाला तोच न्याय लागू पडतो. तेव्हा सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जमा करण्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही आणि घात तेथेच होतो. नगरपरिषदा अधिनियमाच्या कलम १६ मध्ये निवडणूक लढवण्यापूर्वीच्या अपात्रता आहेत आणि कलम ४४ मध्ये निवडून आल्यानंतरच्या. कलम ४४ सांगते की, ज्या विषयात सदस्याचा पक्षकाराच्या वतीने व्यावसायिक हितसंबंध आहे, त्याच्या बाजूने त्याने मत दिले तर तो अपात्र ठरतो. त्याच्याच पुढे, परिषदेच्या बाजूच्या किंवा परिषदेविरुद्धच्या कोणत्याही प्रकरणात व्यवसाय म्हणून गुंतलेला सदस्यही अपात्र ठरतो, असे म्हटले आहे. "बाजूच्या" हा शब्द पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. नगरपरिषदेविरुद्धचा दावा चालवू नये, हे कोणालाही समजते. पण नगरपरिषदेच्या पॅनेलवर राहून तिचाच बचाव करणारा वकील सदस्यसुद्धा तितकाच अडचणीत येतो. निर्णय जिल्हाधिकारी देतात, आणि अर्ज करायला पराभूत प्रतिस्पर्धी तयारच असतो.

म्हणून अर्ज भरण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी आपल्या सर्व फायली टेबलावर काढाव्यात. ज्या दाव्यात, अपिलात, दरखास्तीत किंवा किरकोळ अर्जात नगरपरिषद पक्षकार आहे, त्यांची यादी करावी. केवळ औपचारिक प्रतिवादी म्हणून सामील केलेले असेल तरी ते प्रकरण यादीत घ्यावे. प्रत्येक पक्षकाराला बोलावून दुसरा वकील सुचवावा, फीचा हिशेब मिटवावा, कागद परत केल्याची पोच घ्यावी आणि वकीलपत्रातून निवृत्त होत असल्याची पुरसीस (लेखी निवेदन) न्यायालयात दाखल करून त्या दिवसाच्या रोजनाम्याची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. आपल्याच ऑफिसमधल्या ज्युनियरच्या नावे वकीलपत्र फिरवून काम चालू ठेवणे हा उपाय नव्हे. नाव बदलले तरी हितसंबंध तसाच राहतो, आणि साक्ष झाली तर ज्युनियरला खोटे बोलायची पाळी येते.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. विकास आराखड्यात एका शेतकऱ्याच्या जमिनीवर बागेचे आरक्षण आहे. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षे उलटली, संपादन झाले नाही, म्हणून प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे "जागा विकत घ्या, नाहीतर आरक्षण सोडा" अशी नोटीस, द्यायची आहे. गावातल्या दिवाणी वकिलाकडे ही नोटीस लिहिण्याचे काम येणे अगदी स्वाभाविक आहे. नोटीस दिल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. आता तोच वकील त्या २४ महिन्यांच्या आत नगरसेवक झाला आणि "सदर जागा संपादन करावी किंवा कसे" हा विषय सभेपुढे आला, तर त्याने काय करावे? पक्षकाराची गुपिते त्याच्याजवळ आहेत आणि ती उघड करण्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२ मनाई करते. शहराला बाग मिळावी, हे पाहणे त्याचे नवे कर्तव्य आहे. जागा सुटावी, हे पाहणे कालपर्यंतचे काम होते. अशा वेळी एकच सरळ मार्ग आहे. विषय पुकारला जाताच उभे राहून आपला पूर्वसंबंध सांगावा, चर्चेत व मतदानात भाग घेणार नाही असे नोंदवावे, सभागृहाबाहेर जावे आणि इतिवृत्तात तशी नोंद झाल्याची पुढच्या सभेत खात्री करून घ्यावी.

इतर अपात्रता सर्वांसाठी सारख्याच आहेत, पण वकिलाकडून त्यांत चूक झाली तर लोक जास्त हसतात. मालमत्ता कर व पाणीपट्टीची थकबाकी भरून दाखला घ्यावा. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांचा दोन मुलांचा नियम तपासावा. घराचा मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळते की नाही, हे पाहावे, कारण स्वतःचे, जोडीदाराचे किंवा अवलंबितांचे अनधिकृत बांधकामही सदस्यत्व घालवते. राखीव जागेवर उभे राहायचे असेल, तर जात वैधतेचे प्रकरण आधीच समितीकडे पोहोचलेले असावे. शपथपत्रातला कोणताही रकाना कोरा सोडू नये.

प्रचाराबद्दल थोडेसे

बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलाला जाहिरात करण्यास मनाई करतो. पत्रकावर "अॅडव्होकेट" लिहिणे ही ओळख झाली. "शेकडो दावे जिंकलेले निष्णात वकील" असे छापणे ही जाहिरात ठरते. पत्रकाचा मसुदा कार्यकर्त्यांवर सोपवू नये. प्रचारात मोफत कायदेशीर सल्ल्याची शिबिरे भरवण्याचा मोहही टाळावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरात आपण वर्षानुवर्षे बसत असू, तर लोकांना ते आठवते.

खर्चाची नोंद रोजच्या रोज लिहावी आणि निकालानंतर मुदतीत हिशेब सादर करावा. निवडणूक प्रक्रिया सुरू झाल्यावर घटनेच्या अनुच्छेद २४३-झेडजीमुळे न्यायालयाचे दार जवळपास बंद असते. दाद मागायची ती निकालानंतर निवडणूक याचिकेने, आणि नगरपरिषदेसाठी त्याची मुदत अवघ्या दहा दिवसांची आहे. मतमोजणीच्या दिवशीच आक्षेप लेखी देऊन पोच घेण्याची सवय वकिलाला असतेच. ती येथे कामी येते.

फिरोजशहांचाही पराभव झाला होता. १९०७ मध्ये त्यांना महापालिकेतून घालवण्यासाठी काही बड्या अधिकाऱ्यांनी व पत्रकारांनी कंबर कसली आणि जस्टिसेसच्या मतदारसंघात १६ जागांसाठी ते सतराव्या क्रमांकावर राहिले. पुढे एका विजयी उमेदवाराची निवड न्यायालयात रद्द झाली आणि फिरोजशहा सभागृहात परतले. निवडणूक याचिकेचा कायदा नीट येत असणे किती महत्त्वाचे असते, ते यावरून दिसते.

पहिले सहा महिने

निवड झाली की गट नोंदणीचा, म्हणजे एकत्र बसणाऱ्या सदस्यांचा गट अधिकृतपणे नोंदवण्याचा, प्रश्न लगेच येतो. १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम वाचल्याशिवाय कोणत्याही गटाच्या कागदावर सही करू नये. पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते, आणि अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात गेल्यासही ते जाऊ शकते.

त्यानंतर मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करून चार गोष्टी वाचायला मागाव्यात. त्या म्हणजे मागील तीन वर्षांची अंदाजपत्रके, लेखापरीक्षणाचे अनुपालन न झालेले आक्षेप, न्यायप्रविष्ट प्रकरणांची नोंदवही आणि विकास आराखडा त्याच्या अहवालासह. न्यायप्रविष्ट प्रकरणांची नोंदवही बहुतेक सदस्य उघडूनही पाहत नाहीत आणि वकिलाने मात्र तेथूनच सुरुवात करावी. किती प्रकरणांत नगरपरिषदेची कैफियतच (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) दाखल झालेली नाही, किती ठिकाणी एकतर्फी आदेश झाले, कोणत्या मनाई हुकुमामुळे रस्ता किंवा जलवाहिनी अडली आहे आणि कलम १२७ च्या किती सूचनांची मुदत या वर्षी संपते आहे, हे त्यातून कळते. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी प्रत्येक सूचना सभेपुढे यावी, असा ठराव एका वकील सदस्याने मांडून मंजूर करून घेतला, तर शाळेची आणि मैदानाची एखादी जागा शहराला नक्की वाचेल. प्रत्यक्ष खटला आपण चालवायचा नाही, हे बंधन येथेही पाळायचे आहे.

अंदाजपत्रक वाचताना एकूण बेरजेने दिपून जाऊ नये. मालमत्ता कराची मागणी, वसुली आणि थकबाकी हे तीन आकडे एका ओळीत लिहावेत. आस्थापनेवर म्हणजे पगार-पेन्शनवर किती जाते, ते पाहावे. वित्त आयोगाच्या अनुदानातले बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीचे) किती आणि अबंधित किती, नगरोत्थानसारख्या राज्य योजनेत नगरपरिषदेने स्वतःचा हिस्सा किती घालायचा आहे, दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी मागच्या वर्षी खर्च झाला का, हे प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर तोंडी मिळाले, तर पुढच्या सभेत ते लेखी मागावे. उलटतपासणीत आपण साक्षीदाराला एका वेळी एकच मुद्दा विचारतो, तशीच शिस्त येथे ठेवावी. लांबलचक भाषणात विचारलेल्या प्रश्नाला अधिकारी सोयीचे तेवढेच उत्तर देतात.

ठराव लिहिणे

माझ्या मते वकील सदस्याचे खरे कसब दिसते ते येथे. पुष्कळ नगरपरिषदांच्या इतिवृत्तांत असे ठराव भेटतात: "प्रभाग क्रमांक ६ मधील रस्त्याचे काम करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे." सूचकाचे नाव आहे, अनुमोदकाचे आहे, टाळ्याही झाल्या असतील. पण कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, कोणत्या लेखाशीर्षातून, किती रकमेपर्यंत, हे काहीच त्यात नाही. असा ठराव कोणाच्याही हातात कोरा धनादेश देतो. उद्या त्यावर आक्षेप आला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नगरपरिषदा अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी स्थगित केली, तर बचावाला एक शब्दही हाताशी नसतो.

तोच ठराव वकिलाने असा लिहावा: "प्रभाग क्रमांक ६ मधील बाजार चौक ते जुने टपाल कार्यालय या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाच्या, सक्षम प्राधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता प्राप्त असलेल्या अंदाजपत्रकास, त्यात नमूद रकमेच्या मर्यादेत, चालू वर्षाच्या रस्ते या लेखाशीर्षातील उपलब्ध तरतुदीतून प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे. काम ई-निविदेने देण्यात यावे. काम सुरू करण्यापूर्वी भूमिगत जलवाहिनी व गटाराची कामे पूर्ण असल्याचा दाखला संबंधित विभागाने द्यावा. निविदेत दोषदायित्व कालावधी नमूद करावा आणि अंतिम देयकापूर्वी मोजमाप पुस्तकाची प्रत सभेपुढे माहितीस्तव ठेवावी." वाक्ये थोडी वाढली, पण रस्ता झाल्यावर महिनाभरात पाण्याच्या नळासाठी तो पुन्हा खोदला जाण्याचा प्रकार एका दाखल्याच्या अटीने थांबू शकतो.

विषयपत्रिका हाती पडली की सभेच्या आदल्या दिवसापर्यंत वाट न पाहता प्रत्येक विषयासमोर तीन टिपणे करावीत: अधिकार कोणत्या कलमाचा, पैसा कोणत्या शीर्षाचा आणि आधीचा ठराव कोणता. ऐनवेळी येणाऱ्या विषयांना मात्र ठामपणे हरकत घ्यावी. नोटिशीत नसलेला, पैशाचा किंवा जमिनीचा विषय "अध्यक्षांच्या परवानगीने" उरकला जातो, तेव्हा आपला विरोध नावानिशी इतिवृत्तात यावा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना तो तसा आला आहे का, हे शब्दशः तपासावे. साक्ष नोंदवली जाताना आपण जसे कान देऊन ऐकतो, तसेच लक्ष येथे द्यावे.

वकिलाची एक खोड मात्र सभागृहाला अपायकारक ठरते. समोरच्याला निरुत्तर केले की काम जिंकले, असे आपल्याला न्यायालयाने शिकवलेले असते. सर्वसाधारण सभेत न्यायाधीश नसतो. ज्याला आज चारचौघांत खोटे पाडले, त्याचेच मत पुढच्या महिन्यात पाण्याच्या योजनेला लागणार असते. मुख्याधिकारी आणि अभियंता यांच्याविषयीही हेच. कनिष्ठ अभियंत्याला भर सभेत कायद्याचे कलम विचारून गोंधळवणे सोपे असते, पण दुसऱ्या दिवशी त्याच्याचकडून खरी मोजमापे हवी असतात. आक्षेप कडक असावा, पण तो कागदावर आणि मुद्द्यावर असावा.

संस्थेचा निर्णय बेकायदा वाटला, की उच्च न्यायालयात रिट दाखल करण्याची वकिलाची पहिली प्रतिक्रिया असते. आधी सभेत विरोध नोंदवावा, नंतर मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्यावे, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ खाली अर्ज करावा. महानगरपालिकेत १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासनाकडे जाता येते. एवढे करूनही याचिकेची वेळ आली, तर ती दुसऱ्या वकिलामार्फत आणि स्वतः पक्षकार म्हणूनच करावी.

वेळ, पैसा आणि पुढची सनद

सभेची आणि न्यायालयाची तारीख एकाच दिवशी येणे, हे नेहमीचे आहे. सहा महिने सलग सभेला गैरहजर राहिले आणि परिषदेची रजा ठरावाने घेतलेली नसेल, तर सदस्यत्व जाते. तारखांच्या डायरीत सभा लाल शाईने लिहावी आणि त्या दिवशी साक्षीपुराव्याचे काम ठेवू नये. नगरसेवकाचे मानधन अल्प असते आणि घर वकिलीवरच चालवावे लागते. फिरोजशहांचे उत्पन्न गुजरात-काठेवाडच्या मुफस्सल न्यायालयांतल्या मोठ्या प्रकरणांतून येत असे, म्हणून शहरात त्यांना कोणाचे मिंधे राहावे लागले नाही. आजच्या वकिलानेही आपल्या नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरची, तिच्याशी संबंध नसलेली कामे वाढवावीत. बिल्डर, कंत्राटदार आणि मोठे करथकबाकीदार यांची इतर प्रकरणेसुद्धा या पाच वर्षांत घेऊ नयेत, असे मी म्हणेन. कायद्याने प्रत्येक वेळी मनाई नसली, तरी त्यांची फी घरात येऊ लागली की कर आकारणीच्या विषयावर आपला आवाज आपोआप खाली येतो आणि ते गावाला ऐकू येते.

मुदत संपल्यावर पुन्हा पूर्णवेळ न्यायालयात बसताना पहिल्याच आठवड्यात नगरपरिषदेविरुद्धची प्रकरणे दारात येतील, कारण आतली माहिती असलेला वकील सगळ्यांनाच हवा असतो. ज्या ठरावाच्या चर्चेत आपण बसलो होतो, ज्या वाटाघाटींचे कागद सदस्य म्हणून आपल्या हाती आले होते, त्या विषयातले वकीलपत्र कोणत्याही बाजूने घेऊ नये. अशा विषयांची यादी कार्यकाळ चालू असतानाच ठराव क्रमांक आणि तारखेसह करून ठेवावी. नवे वकीलपत्र स्वीकारण्यापूर्वी आपल्या लिपिकाने ती यादी पाहिलीच पाहिजे, असा ऑफिसचा नियम असावा.